सावंतवाडी: चहाला थांबलो आणि दोन रात्री राहिलो

रेटिंग आधीच देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं पुराण वाचायला नको. गावाला पाचपैकी पाच, ज्या घरात राहिलो त्याला चार, आणि आमच्या प्लॅनिंगला शून्य. भोपळा.

झालं असं की सासूबाईंना कन्याकुमारी बघायचं होतं, मुलाला मे महिन्याची सुट्टी होती आणि नवऱ्याला चक्क दोन आठवडे रजा मिळाली, मग ठरलं की आपली गाडी काढायची, पुण्याहून बंगलोर-मदुराई करत खाली जायचं आणि येताना किनाऱ्याकिनाऱ्याने वर यायचं. कन्याकुमारीपासून आपल्या पनवेलपर्यंत हा सगळा एकच रस्ता आहे, एनएच ६६, यातला बराचसा म्हणजे आधीचा १७ नंबर, म्हणजे आपण ज्याला मुंबई-गोवा हायवे म्हणून शिव्या घालतो त्याचंच शेपूट पार तिकडे खाली आहे. कागदावर एकदम भारी वाटतं. प्रत्यक्षात केरळात सहापदरीचं काम चाललेलं, दर दहा मिनिटांनी डायव्हर्जन, एका बाजूला खोदलेलं आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी दारातून जाणारा सर्व्हिस रोड, त्यात बसवाले असे येतात की सासूबाई प्रत्येक बसला रामरक्षा म्हणायच्या. कर्नाटकात जरा सुटलो. मरवंतेला एका हाताला समुद्र आणि एका हाताला नदी असा जो पट्टा आहे तिथे मात्र सगळे गप्प झालो होतो, तेवढं कबूल.

अकराव्या दिवशीचा प्लॅन नवऱ्याचा. सकाळी कुंदापूरहून निघायचं, कारवार, गोवा, सावंतवाडी, आंबोली घाट चढून रात्री कोल्हापूर, तिथे त्याचा मावसभाऊ राहतो. मॅप साडेनऊ तास दाखवत होता. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी म्हाताऱ्या माणसाला आणि नऊ वर्षांच्या पोराला घेऊन प्रवास केलाय त्यांना कळेल की मॅपच्या साडेनऊ तासांत बाथरूम, उलटी, 'मला ती पाटी परत वाचायची आहे' हे काहीच धरलेलं नसतं. शिवाय आदल्या रात्रीच्या हॉटेलात (नाव नाही घेत, समुद्राजवळचं होतं, फोटोत समुद्र होता आणि खिडकीत जनरेटर) कोणीच झोपलं नव्हतं. कारवारला काळी नदीच्या पुलावर गर्दी, तिथला जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पडला तेव्हापासून सगळं ओझं एकाच पुलावर. गोव्यात तर काय सांगायचं, मे महिना, अख्खा महाराष्ट्र तिथेच.

पत्रादेवी ओलांडून बांद्याला आलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि समोर सह्याद्रीवर आभाळ असं भरलेलं की दिवे लावावे लागले. इन्सुलीच्या चेकनाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली, गोव्याहून येणाऱ्या सगळ्यांकडे बघतात तसं त्यांनी आमच्याकडेही बघितलं, डिकी उघडली तर एक मोठी बाटली पेपरात गुंडाळलेली. पोलीस खूश. निघालं कोट्टक्कलचं गुडघ्यांचं तेल, सासूबाईंचं. पोलिसांनी ते उघडून वास घेतला आणि 'जावा जावा' म्हणाले. पुढे जरा गेलो आणि मागचं डावं चाक फडफडायला लागलं आणि त्याच क्षणी वळीव कोसळला. टपोरे थेंब नव्हेच, बादलीच.

कसंबसं स्टेपनी लावली, नवरा नखशिखांत भिजला, आणि मी म्हटलं आता आधी चहा, मग पंक्चर, मग बाकीचं. म्हणून हायवे सोडून आत वळलो. हे लक्षात घ्या, सावंतवाडी आता हायवेवर नाही. झाराप-पत्रादेवी बायपास झाल्यापासून गाड्या बाहेरून बाहेर पळतात, गोव्याला जाणाऱ्यांना गावाची फक्त हिरवी पाटी दिसते. आम्ही स्वतः गोव्याला आजवर सात-आठ वेळा गेलोय आणि एकदाही आत वळलो नव्हतो.

पंक्चरवाला पाऊस थांबेपर्यंत दुकानातच बसला होता. पंचविशीतला पोरगा, टायर पाण्यात बुडवून खिळा शोधता शोधता विचारतो, 'खंयसून इलास?' नवऱ्याने सगळा भूगोल सांगितला. 'आणि आता?' म्हटलं आंबोलीवरून कोल्हापूर. त्याने मान वर करून आमच्याकडे एकेकाकडे बघितलं, भिजलेला नवरा, डोळे चोळणारं पोर, पुढच्या सीटवर गुडघे धरून बसलेल्या सासूबाई, आणि म्हणाला, 'रातच्या पावसात घाट कित्याक चढतास? घाट काय पळान जावचो नाय. हंयच रवा आज.'

मला त्या वाक्याचं काय झालं माहीत नाही पण मी गाडीत जाऊन बसले आणि म्हटलं मी आज पुढे येणार नाही. सासूबाई म्हणाल्या मीपण नाही. अकरा दिवसांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं.

त्या पोरानेच फोन लावून दिला, त्याच्या ओळखीच्या एक काकू आहेत, घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या देतात. कमिशन वगैरे काही नाही, पंक्चरचे दीडशे घेतले आणि चौकापर्यंत स्वतः बाइकवर पुढे आला वाट दाखवायला. घराचं नाव-पत्ता मी इथे मुद्दाम देत नाहीये कारण काकूंनीच हात जोडले, 'नेटवर घालू नको गे बाय, मगे माका जमूचा नाय.' तलावापासून चालत पाच-सात मिनिटं, एवढंच सांगते. पण गावात अशा खोल्या देणारी घरं आहेत, लॉजही आहेत, आणि ज्यांचं बजेट आहे त्यांच्यासाठी राजवाड्याच्या आवारातच राजघराण्याने चालवलेलं छोटं हॉटेलही आहे, आम्ही ते फक्त बाहेरून पाहिलं.

आता खोलीचा रिव्ह्यू. जांभ्या दगडाचं जुनं घर, पुढे अंगण, कौलं. खोली साधी, कॉट, दोन गाद्या जास्तीच्या, चादरी धुतलेल्या आणि उन्हात वाळवल्याचा वास येणाऱ्या. एसी नाही. पंखा आहे पण तो फिरतो त्यापेक्षा बोलतो जास्त. बाथरूम खोलीला लागून नाही, दोन पावलं पडवीतून जावं लागतं, हे म्हाताऱ्यांना रात्री त्रासाचं आहे, एक गुण त्याचाच कापला. कमोड आहे, विचारून घेतलं होतं. गरम पाणी गीझरचं नाही, चुलीवरचं, बंबातलं, धुराचा वास येतो त्याला आणि मला तो आवडला, नवऱ्याला नाही. एका रात्रीचे एका खोलीचे बाराशे, जेवण वेगळं. गाडी अंगणात लागते पण दार अरुंद आहे, मोठी गाडी असेल तर आरसे मिटून घ्या.

आणि रातांबे! आम्ही पोचलो तेव्हा लाईट गेलेली आणि पडवीत कंदील लावून काकू आणि शेजारच्या दोघी बायका रातांबे फोडत बसलेल्या, उन्हात वाळत घातलेली आमसुलं पावसाच्या भीतीने घाईघाईत आत ओढलेली, सुपं, पाट्या, चटया सगळीकडे लालभडक सालं. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले. माझा मुलगा दारातच थिजला, त्याला वाटलं रक्तच. काकू हसून म्हणाल्या, 'ये झिला, भिया नको, कोकमां ती,' आणि त्याच्या हातात एक फोडलेला रातांबा दिला. पुढचा अर्धा तास तो तिथेच बसून बिया वेगळ्या करत होता. घरी हा मुलगा स्वतःचं ताट उचलत नाही.

मी आत जाऊन सामान लावू लागले तर काकू मागून आल्या, 'आधी बस गे बाय. सामान खंय जाता? पोराक खावक दी.' सासूबाईंना त्यांनी काही न विचारता खुर्ची दिली, पाय वर ठेवायला पाट दिला. आमच्या सासूबाई मूळच्या वर्ध्याच्या, मालवणी त्यांना अर्धीच कळते, काकूंना वऱ्हाडी तेवढीच, पण दोघी त्या कंदिलात रात्री साडेदहापर्यंत बोलत होत्या. काय बोलल्या विचारलं तर म्हणे गुडघ्यांबद्दल.

जेवणाचं सांगते कारण तेच महत्त्वाचं आहे. आमच्यात सासूबाई शुद्ध शाकाहारी आणि अकरा दिवस इडली-डोसा-भात यांनी त्या रडकुंडीला आलेल्या. कोकणात म्हणजे मासेच, आपल्याला काय मिळणार, अशी त्यांची तयारी. काकूंनी त्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या वाढल्या. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते, काळे वाटाणे म्हणजे आपले हिरवे-पांढरे नव्हेत, छोटे काळपट असतात, आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपात ते असे काही लागतात की मटणाची आठवण यावी. सासूबाईंनी चार आंबोळ्या खाल्ल्या आणि मग हळूच मला विचारलं, 'हे नक्की आपल्यातलं आहे ना?' दुसऱ्या दिवशी बिटक्या आंब्यांचं सासव होतं, छोटे रायवळ आंबे अख्खेच्या अख्खे, गूळ, मोहरी, खोबरं, आंबा हातात धरून चोखायचा आणि रस भातावर. भात उकड्या तांदळाचा, लालसर, जाड, पहिल्या घासाला कच्चा वाटतो आणि तिसऱ्या घासाला सवय होते.

आम्हा दोघांना बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं, हे कोणी सांगितलं नाही, नवऱ्याने चावलं आणि पाच मिनिटं जीभ शोधत होता. कोंबडी-वडे दुसऱ्या दिवशी बाहेर खानावळीत खाल्ले. वडे छान, कोंबडी छान, सोलकढी मात्र पातळ आणि गुलाबी रंग जरा जास्तच गुलाबी. काकूंची सोलकढी प्यायल्यावर बाकी सगळ्या सोलकढ्या म्हणजे सरबत वाटतात, त्यात कोणाचा दोष नाही. जेवणाचे माणशी शाकाहारी दीडशे, मासे असतील तर अडीचशे. वाढताना मोजत नाहीत. नाश्त्याला घावणे आणि खोबऱ्याची चटणी, आणि चहा प्यायला नाही असं सांगायची सोय नाही.

आता तलाव. हाच खरा विषय, आणि मी जेवणात अडकले.

मोती तलाव गावाच्या बाहेर नाही, गावाच्या मधोमध आहे. म्हणजे बाजार, शाळा, राजवाडा, बाग, सगळं त्याच्या भोवती बसलेलं, जसं अंगणाभोवती घर असतं तसं. हिल स्टेशनच्या लेकसारखं इथे कोणी घोडा घेऊन अंगावर येत नाही, फोटो काढू का विचारत नाही, बोटिंगचं पाच जणांचं पॅकेज नाही. कट्टा आहे, बाकं आहेत, चालायला वाट आहे. एका काठाला राजवाडा, मागे नरेंद्र डोंगर, आणि पाऊस पडून गेल्यावर तो डोंगर धुऊन पुसून कोणीतरी जवळ आणून ठेवल्यासारखा दिसतो. काठावर एक केशवसुत कट्टा आहे, संध्याकाळी तिथे रिटायर मंडळींची हजेरी लागते, आणि जवळच जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या नावाची बाग. हे आझाद हिंद सेनेतले, नेताजींचे सहकारी, याच भागातले. मला हे नावच माहीत नव्हतं, लाज वाटली. मुलगा बागेत घसरगुंडीवर आणि आम्ही तिघं बाकावर.

पहिल्या संध्याकाळी तिथे आम्ही काय केलं? काहीच नाही. नवरा म्हणाला आता इथे काय बघायचं, मी म्हटलं बस. अकरा दिवस आपण बघतच होतो, रोज एक देऊळ, एक बीच, एक पॉइंट, पॉइंटवर उभं राहून पुढच्या पॉइंटला किती वेळ लागेल ते बघायचं. इथे पाणी, दिवे, चालणारी माणसं. पांढरा शर्ट आणि चप्पल घातलेले एक आजोबा तलावाला फेऱ्या मारत होते. पहिल्या फेरीला त्यांनी आमच्याकडे बघितलं, दुसऱ्या फेरीला मान हलवली, तिसऱ्या फेरीला म्हणाले, 'अजून बसलास? बरा करतास.' चौथ्या फेरीला शेजारी येऊन बसलेच.

त्यांच्याकडून कळलं की पूर्वी हा मुंबई-गोवा हायवे इथूनच जायचा, तलावाच्या काठाने. रात्रभर ट्रक, लक्झरी बस, हॉर्न. हॉटेलं रात्री दोनला पण उघडी असायची, गोव्याला जाणारा प्रत्येक माणूस इथे चहा तरी प्यायचाच. बायपास झाला आणि धंदा बसला. कितीतरी जणांनी दुकानं बंद केली, पोरं गोव्यात कामाला जातात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मग ते जरा थांबून म्हणाले की पण आता रात्रीची झोप लागते. दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या, तक्रार कुठली आणि समाधान कुठलं ते मला कळलं नाही. मला आपलं वाटून गेलं की आम्हाला ज्या शांततेचं एवढं कौतुक वाटतंय तिचं बिल या लोकांनी भरलेलं आहे. म्हणून तरी आत वळा आणि काहीतरी विकत घ्या, नुसते तलावाचे रील काढून जाऊ नका.

एकच रात्र राहायचं होतं. सकाळी पाऊस थांबलेला, घाट मोकळा, निघायला काही हरकत नव्हती. सासूबाई सहा वाजता उठून काकूंबरोबर तलावाला अर्धी फेरी मारून आल्या. त्या पुण्यात खालच्या मजल्यापर्यंत जायला लिफ्ट मागतात. मावसभावाला फोन करून सांगितलं की उद्या येतो.

दुसऱ्या दिवशी राजवाडा. तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, जांभ्या दगडाचा. राजस्थानातले महाल डोक्यात घेऊन जाऊ नका, हा आपला कोकणी राजवाडा आहे, लाल, कमानींचा, झाडांत लपलेला, मोठ्या वाड्याचा थोरला भाऊ म्हणा. पण दरबार हॉलमध्ये जे चालतं ते कुठेच बघितलं नव्हतं. तिथे माणसं बसून गंजिफा रंगवतात. गोल पत्ते, तळहातापेक्षा छोटे, एकेकावर दशावतारातली चित्रं हाताने काढलेली. मत्स्य, कूर्म, वराह असे दहा रंग, म्हणजे आपल्या पत्त्यांत इस्पिक-बदाम असतात तसे, आणि प्रत्येक रंगात बारा पत्ते, राजा, वजीर आणि एक ते दहा, एकूण १२०. दिवसा खेळायला बसलात तर रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री बसलात तर कृष्णाच्या. ही कला जवळजवळ गेलीच होती, राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या कारागिरांकडून शिकून घेऊन सत्तरच्या दशकात परत उभी केली.

माझ्या मुलाला देवळं दाखवून दाखवून आम्ही थकलो होतो, तो एका जागी दोन मिनिटं उभा राहत नव्हता. इथे तो रंगवणाऱ्या ताईंच्या शेजारी मांडी घालून बसला आणि विचारतो, 'हे पोकेमॉन कार्डसारखं आहे का? नरसिंहाची पॉवर किती?' त्या ब्रश न थांबवता म्हणाल्या, 'राजा असलो तर सगळ्यांत जास्त.' मग त्याने तिथेच बसून हिशोब लावला की दहा गुणिले बारा बरोबर आहे का. पूर्ण संच घ्यायची आमची ऐपत नव्हती, हाताने रंगवलेले १२० पत्ते म्हणजे खिशाला जड असणारच आणि असायलाच हवेत. सुटा एक पत्ता फ्रेम करून मिळाला, कूर्म. नरसिंह का नाही म्हणून गाडीत भांडण झालं ते वेगळं.

मग चितार आळी. लाकडी खेळण्यांची ही आळी तलावापासून जवळच आहे. लाकडी फळं आणि भाज्या, आंबा, केळी, मिरची, वांगं, सीताफळ, लांबून बघितलं तर खरी वाटतात, आजीच्या शोकेसमध्ये ज्या टोपलीत धूळ खात असायच्या त्याच. भातुकली, पाट, भोवरे, रंगवलेले चौरंग. एका दुकानदार काकांनी पांगाऱ्याचं लाकूड हातात दिलं, थर्मोकोलसारखं हलकं, जुनी खेळणी याची व्हायची, आता पांगारा मिळत नाही तेवढा म्हणून आंबा वगैरे वापरतात. एक तक्रार, काही दुकानांत बाहेरून आणलेला माल, प्लॅस्टिकसुद्धा, याच खेळण्यांच्या शेजारी मांडलेला असतो आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारलं की खरं सांगतात. त्यामुळे विचारा, 'हे इथलंच का?' भाव फार करू नका, आधीच स्वस्त आहे. मी फळांची टोपली, एक पाट आणि सासूबाईंच्या हट्टापायी एक पाळणा घेतला. घरात बाळ नाही. कोणाला काय सुचवायचं असेल ते त्यांनाच विचारा.

दुपारी मात्र भयंकर उकडतं. मे महिन्यात कोकण म्हणजे प्रेशर कुकर, पाऊस पडून गेला तरी शिट्टी होईपर्यंत वाफ आतच. एक ते चार गाव बंद. अक्षरशः. दुकानांची शटरं खाली, रस्त्यात कुत्रंसुद्धा नाही. नवऱ्याला बॅटरीचे सेल हवे होते, त्याने तीन दुकानं हिंडून बघितली आणि परत आला तर काकांनी (काकूंचे मिस्टर, दिवसभरात एकूण दहा शब्द बोलले असतील) त्याच्याकडे बघून एकच म्हटलं, 'निजा वायच.' म्हणजे झोपा जरा. आम्ही चौघं फरशीवर चटई टाकून झोपलो, त्या बोलणाऱ्या पंख्याखाली, साडेपाचपर्यंत. अकरा दिवसांची उधारी होती ती. उठले तेव्हा मला दोन मिनिटं कळत नव्हतं की कुठल्या गावात आहोत, आणि कळून घ्यायची घाईपण नव्हती.

कोणी जाऊ नये तेही सांगते. ज्यांना रात्री दहानंतर बाहेर भटकायचं असतं, त्यांच्यासाठी इथे काहीच नाही. ज्यांना बीच हवाय त्यांनी वेंगुर्ला-शिरोड्याला जावं, तासाभराच्या आत आहे. रेल्वेने येणार असाल तर सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, सात-आठ किलोमीटर लांब आहे, रिक्षा आधी ठरवा, रात्रीच्या गाडीने उतरलात तर नक्कीच. डास आहेत. तलाव, पाऊस आणि मे महिना म्हटल्यावर असणारच, कॉइल काकूंकडे होती पण तुमची घेऊन जा. आणि तलावाच्या एका कोपऱ्यात, विशेषतः जिथे खाण्याच्या गाड्या लागतात तिथे, पाण्याच्या कडेला प्लेटा आणि बाटल्या तरंगत होत्या, त्या आजोबांनी ते बघून फक्त तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. काकूंनी दोन रात्री, चौघांचं जेवण, नाश्ता सगळं मिळून हिशोब एका जुन्या कॅलेंडरच्या पाठी लिहून दिला, जीपे चालतं, मी बघितलं तर मुलाचं जेवण धरलेलंच नव्हतं. म्हटलं काकू चुकलं. 'चुकला नाय. ता काय खाता, चिमणी खाता तितक्या.' (त्याने एकट्याने पाच घावणे खाल्ले होते.) वर एक बाटली आगळ (कोकमाचा घट्ट रस), जुन्या सरबताच्या बाटलीत भरलेलं, तोंडाला प्लॅस्टिक आणि रबरबँड. सासूबाई आणि त्या अंगणात हात धरून उभ्या, दोघी एकमेकींना आपापल्या भाषेत गुडघ्यांना काय लावायचं ते सांगतायत. कोट्टक्कलची बाटली तिथेच राहिली, विसरल्या की मुद्दाम ठेवली ते त्या सांगत नाहीत.

आंबोली घाट सकाळच्या धुक्यात चढलो. त्या दिवशी रात्री तो पावसात चढला असता तर काय झालं असतं ते पहिल्या तीन वळणांतच समजलं, समोरचा टेम्पो फक्त हॉर्नने कळत होता. दुपारच्या जेवणाला कोल्हापुरात. मावसभावाने तांबडा-पांढरा केला होता, सासूबाईंनी त्याच्या बायकोला विचारलं, 'काळे वाटाणे कुठे मिळतात गं तुमच्याकडे?'

ता. क. आगळाच्या बाटलीचा रबरबँड आजऱ्याच्या पुढे सुटला. मागच्या सीटचं कव्हर तीन वेळा धुतलं, गुलाबी डाग अजून आहे. तुम्हाला कोणी आगळ दिलं तर बाटली उभी ठेवा आणि पायाशी धरून बसा.